निकषात न बसणाऱ्या मायसाठी एक खुलं पत्र

प्रति,
मेंदू आणि म्हातारपण यांवर संशोधन करणाऱ्या सर्व संस्था व त्यांच्या नीतिमत्ता समित्या,
तसेच राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग व वैद्यकीय शिक्षण विभाग यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद चिकटवलेला दिसला. ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीच्या अभ्यासाची दुसरी फेरी आमच्या भागात होणार आहे. वय साठच्या पुढे हवं. खाली अटी होत्या: किमान सातवी पास, मराठी लिहिता-वाचता येणं आवश्यक, कानाचा किंवा डोळ्यांचा दोष नसावा. मी तिथेच उभी राहून तो कागद दोनदा वाचला. आमच्या गल्लीत साठीच्या पुढच्या एकवीस बायका आहेत. मनातल्या मनात एकेकीचं नाव घेत मोजल्या. या अटींत दोघीच बसतात. एक निवृत्त नर्सबाई आणि दुसरी मी.

म्हातारपणी मेंदू कसा बदलतो हे तुम्हाला शोधायचं आहे आणि एकवीसपैकी एकोणीस जणी दारातूनच परत. हे वाचून गप्प बसणं मला जमलं नाही.

मी पारोळा तालुक्यातली. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्या सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून माय म्हणते. माय आज अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची असेल. नक्की सांगता येत नाही, कारण आधारकार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, जशी आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची असते. ती शाळेची पायरी चढली नाही. बाहत्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि नंतर चार एकर कोरडवाहू जमिनीवर तीन मुलं वाढवली.

तीन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, याच अभ्यासाचं पथक पहिल्यांदा आलं होतं. एक मुलगा, एक मुलगी. दोघंही सभ्य, दिवसभर फिरून थकलेली. मायला त्यांनी ओट्यावर खाटेवर बसवलं. मुलाने विचारलं, "आज तारीख काय?" माय म्हणाली, "आज बजारना दिन शे. काल ग्यारस व्हती." बाजारही होता, आदल्या दिवशी एकादशीही होती; दोन्ही खरं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी तारीख सांगितली, त्याने मायच्या नावापुढे फुली मारली. पुढचा प्रश्न आला, "आपण आत्ता कोणत्या मजल्यावर आहोत?" आमचं घर मातीचं, धाब्याचं. शिडी आहे, ती धाब्यावर मिरच्या वाळत घालायला. मजला म्हणजे काय हेच मायला कळेना. मग शंभरातून सात वजा करत जा. मग एक वाक्य लिहून दाखवा. माय म्हणाली, "माले लिखता येत नही, भाऊ." त्याने फॉर्म मिटला आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं: निकषात बसत नाही. कारण: निरक्षर, ऐकू कमी.

ते गेल्यावर मायने मला विचारलं, मी नापास झाले का? चौतीस वर्षं मी मुलांचे निकाल सांगितले, पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी माय ठणठणीत होती. दुधाचा हिशेब, बचत गटातल्या दहा जणींचे हप्ते, चार पिढ्यांचे सोयरेसंबंध, सगळं तोंडपाठ. दीड वर्षानंतर ती शेतातून घरी येताना वाट चुकली. ज्या वाटेने साठ वर्षं गेली-आली, त्याच वाटेवर. संध्याकाळी दोन मुलांनी तिला नाल्याच्या पलीकडून हात धरून आणलं. तेव्हापासून निदान व्हायला आम्हाला चौदा महिने लागले. एका दवाखान्यात सांगितलं, वयोमानाने होतं असं. दुसऱ्या ठिकाणी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या गुंगीत ती मोरीत पडली. शेवटी पहाटे साडेचारला गाडी करून नाशिकला गेलो, तिथे रक्त, थायरॉइड, बी-१२, स्कॅन असं सगळं झालं आणि अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, हा शब्द आमच्या घरात आला. सोबत मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचंही नुकसान झालेलं. डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "यांची आधीची काही चाचणी आहे का? दोन-तीन वर्षांपूर्वी काय स्थिती होती?"

आधीची चाचणी म्हणजे कोपऱ्यात लिहिलेलं ते एक वाक्य.

आता तुमच्यापुढे माझं गाऱ्हाणं मांडते. त्यातलं सर्वांत मोठं आधी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, आणि ती सगळी आवरली तर जगभरातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येतो असं म्हटलं. त्या यादीत कमी शिक्षण आहे. ऐकू कमी येणं आहे. नजर कमी होणं आहे. रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, हवेतला धूर आहे. मायने पन्नास वर्षं चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या, मोतीबिंदू पिकल्यावर दोन वर्षांनी ऑपरेशन झालं, आणि सासरे गेल्यावर ती दिवसेंदिवस कुणाशी बोलत नव्हती, कारण समोरचा काय म्हणतो ते तिला ऐकूच येत नव्हतं. तुमच्या शास्त्राने जोखमीची जी यादी केली, तीच तुम्ही वगळायच्या माणसांची यादी केली आहे. याचं उत्तर मला हवं आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यांत जास्त. म्हणजे मायसारख्यांत जास्त. १९९८ साली कोचीनमध्ये संशोधकांचा एक जागतिक गट उभा राहिला, त्याने स्वतःचं नावच १०/६६ ठेवलं. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि लोकवस्तीतलं संशोधन तिथे १० टक्क्यांहूनही कमी. त्या नावाला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. देशातल्या देशात, राज्यातल्या राज्यात हाच हिशेब मांडला तर खानदेशाच्या वाट्याला काय येतं, ते तुम्हीच मांडून दाखवा.

निरक्षर माणसाची स्मरणशक्ती मोजता येत नाही, असं तुम्ही म्हणाल. हे मी ऐकणार नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागात नव्वदच्या दशकात संशोधकांनी खेड्यातल्या अशिक्षित म्हाताऱ्यांसाठी हिंदीत चाचणी बसवली. लिहून दाखवा याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोला. अक्षरं उलटी सांगा याऐवजी वार उलटे सांगा. तीस वर्षं झाली या गोष्टीला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मेंदूच्या चाचण्यांचा भारतीय भाषांतला संच केला, त्यात पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम होत्या. मराठी नव्हती. आमच्या बोलीचं, अहिराणीचं, तर नावच कशाला. २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी बोलणारे १८ लाखांहून जास्त नोंदले गेले आहेत. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, अक्कलकुवा-धडगावकडे भिली, पावरी, नवापूरकडे मावची आहे. वरच्या पाड्यातल्या आजीला तुम्ही प्रमाण मराठीत तीन शब्द लक्षात ठेवायला सांगणार, आणि ती विसरली तर तिच्या मेंदूला दोष देणार?

मी शिक्षिका आहे. पहिलीतल्या मुलाला घरच्या बोलीत विचारलं की येतं, पुस्तकी भाषेत विचारलं की तोच मुलगा खाली बघतो, हे मी हजारदा पाहिलं आहे. तो मुलगा ढ नसतो. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, सकाळची सकाय होते. तुमच्या पथकातल्या मुलाला माय 'चुकीचं' बोलते असं वाटलं असेल, तर त्याला शिकवायची जबाबदारी तुमची होती.

यंदाच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गोष्ट सांगते. नणंदा माहेरी आल्या होत्या, पुरण शिजलं होतं, पितरांच्या नावाने विस्तवावर आगारी टाकायची होती. मायला त्या दिवशी आखाजी आहे हे ठाऊक नव्हतं. सकाळपासून ती तिच्या आईला शोधत होती, जी जाऊन चाळीस वर्षं झाली. धाकटीने मांडा, म्हणजे खापरावरची मोठी पुरणपोळी, करायला घेतला आणि तो तिच्या हातात फाटला. माय भिंतीला टेकून बघत होती. उठली, हात धुतले, पिठाचा गोळा घेतला, पुरण भरलं, लाटलं, आणि मग दोन्ही हातांवर तो मांडा असा फिरवत मोठा करत नेला की कोपरापर्यंत आला, तरी कुठे भोक नाही. उपड्या खापरावर टाकला. लागोपाठ सात केले. आठव्याला थांबली आणि मला विचारलं, तू कुणाची गं? मी सांगितलं, तुमची सून. ती म्हणाली, बरं. आणि आठवा मांडा केला.

नवीन आठवणी साठवणारा मेंदूतला भाग, ज्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, तो या आजारात आधी खंगत जातो आणि हाताच्या सवयी सांभाळणारे भाग बराच काळ तगून राहतात, हे मी नंतर वाचलं. सकाळचा चहा तिला आठवत नाही, बाहत्तरची खडी आठवते, हेही त्यामुळेच. पण हे मला पुस्तकातून शोधावं लागलं. चौदा महिन्यांत एकानेही सांगितलं नाही की तिच्या हाताला काम द्या, नावं विचारून तिला छळू नका. आम्ही घरातली माणसं रोज सकाळी तिला "सांग बरं मी कोण?" असं विचारत होतो, तिच्या भल्यासाठी म्हणून. ती रडायची. त्या सकाळींचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं गाऱ्हाणं संमतीचं. पहिल्या फेरीत मी निकषात बसले. माझं रक्त घेतलं, पाच-सहा पानांवर सह्या घेतल्या. पानं इंग्रजीत होती. मराठी प्रत मागितली तर "नंतर देतो" म्हणाले. रिपोर्ट घरी येईल असंही म्हणाले. तीन वर्षं झाली, ना प्रत आली ना रिपोर्ट. संशोधनाच्या नीतिमत्तेविषयीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणं बंधनकारक आहे. नीतिमत्ता समित्यांना मी पत्रात वर नाव घेऊन हाक मारली आहे ती यासाठी. आमच्या रक्ताचं काय झालं, ते आम्हाला विचारावं लागू नये.

तिसरं गाऱ्हाणं "वयोमान" या शब्दाचं, आणि ते आरोग्य विभागाकडे आहे. मागच्या गल्लीतले एक आबा बैलगाडीवरून पडले. डोक्याला टेंगूळ आलं, उतरलं, सगळे विसरले. दीड-दोन महिन्यांनी पाय ओढत चालायला लागले, दुपारीच रात्र झाली म्हणायचे. गाव म्हणालं, म्हातारचळ. दवाखान्यात म्हणाले, वय. शेवटी मुलाने धुळ्याला नेऊन स्कॅन केला तर कवटीखाली रक्त साचलेलं. ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवसांत आबा पारावर येऊन बसायला लागले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. पाणी कमी पडून, मीठ कमी होऊन, लघवीच्या जंतुसंसर्गाने म्हातारं माणूस दोन दिवसांत बरळायला लागतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, यांनीही विसराळूपणा येतो आणि उपचाराने बराच निघतो. म्हणून आधी तपासून मगच काय ते ठरवायचं असतं. "साठी बुद्धी नाठी" गावाने म्हणणं मी समजू शकते. डॉक्टरने म्हणू नये.

आशाताईंकडे तपासणीचा एक फॉर्म असतो. साठीपुढच्या माणसांसाठी त्यात प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? चांगला प्रश्न आहे. माझी पुतणसून आशा आहे, तिने मायच्या फॉर्मवर 'हो' लिहिलं. पुढे कुणाकडे पाठवायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते 'हो' अजून तिथेच आहे.

कानाबद्दल थोडं. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की ज्या वृद्धांना धोका जास्त होता, त्यांना ऐकण्याचं यंत्र आणि त्यासोबतचं मार्गदर्शन दिल्यावर तीन वर्षांत त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. सगळ्यांना मिळून असा फायदा दिसला नाही, धोका जास्त असलेल्यांना दिसला. आपल्या राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी ३००० रुपये मिळतात. मायलाही मिळाले, यंत्रही आणलं. पण कान कुणी तपासला नाही, आवाज कुणी बसवून दिला नाही. यंत्र कानात घातलं की चीं-चीं करतं. आता ते पत्र्याच्या पेटीत, तिच्या जुन्या बांगड्यांशेजारी आहे.

कायदाही आठवण करून देते. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २० सांगतं की जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय हवी, त्यावर वृद्धांच्या आजारांचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी हवा, आणि म्हातारपणाच्या आजारांवरचं संशोधन वाढवायला हवं. संशोधन हा शब्द कायद्यातच आहे. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वेगळा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची ओपीडी सांगितली आहे. मी आमच्या भागात त्या दिवसाची चौकशी केली. "असा काही दिवस नसतो" असं उत्तर मिळालं. धुळ्याला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता जळगाव आणि नंदुरबारलाही आहे. तीन महाविद्यालयं पदरात असताना आमच्या म्हाताऱ्यांना नाशिक-मुंबईची वाट का धरावी लागते?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फळ्यावरच्या त्या तिन्ही अटी काढा. चाचणी घेण्याआधी कान आणि डोळे तपासा, चष्मा-यंत्र द्या, मग प्रश्न विचारा. अहिराणी, लेवा, भिली, पावरी, मावची या बोलींत चाचण्या बसवा, आणि त्या बसवताना इथल्या शिक्षकांना, आशाताईंना, म्हाताऱ्यांना सोबत घ्या. मी विनामोबदला येईन, माझ्यासारखे आणखी मिळतील.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात बेंगळुरूची मेंदू-संशोधन संस्था खेड्यातल्या पंचेचाळिशीपुढच्या १०,००० लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा म्हणून कामाला लागली आहे. तसा एक तालुका खानदेशात निवडा आणि तिन्ही महाविद्यालयांकडे तो सोपवा. आमचे स्वतःचे प्रश्न त्यात घ्या. ज्याने चाळीस वर्षं पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी केली, त्याच्या मेंदूचं काय होतं? उन्हाळ्याची होरपळ म्हातारपणी मेंदूत काय ठेवून जाते? याची उत्तरं प्रयोगशाळेत बसून मिळणार नाहीत, ती आमच्या ओट्यावर मिळतील.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी स्मृती-ओपीडी सुरू करा. कर्नाटकाने २०२२ पासून निम्हान्स या बेंगळुरूच्या मेंदू-मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सोबतीने जिल्हा पातळीवर हे सुरू केलं आहे. आशाताईच्या फॉर्मवर 'हो' आलं की त्या माणसाला कुठे, कोणत्या वारी पाठवायचं, हे त्याच फॉर्मवर छापा.

ज्यांचं रक्त घेतलं त्यांना रिपोर्ट द्या, आणि अभ्यासात काय निघालं ते गावात येऊन, ग्रामसभेत, आमच्या बोलीत सांगा. सांभाळणाऱ्या बायकांसाठी, कारण सांभाळतात बायकाच, महिन्यातून एक बैठक घ्या. अंघोळीला नकार दिला तर काय करायचं, रात्री दार उघडून निघाली तर काय करायचं, एवढं जरी सांगितलं तरी खूप आहे.

पथक या भागात येणार आहे ते दिवाळीनंतर. तोपर्यंत अटी बदलल्या नाहीत तर मी चाचणीला बसणार नाही, नर्सबाईही बसणार नाहीत. आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

आणि बदलल्या, तर आमच्या घरी नक्की या. माय सकाळी साडेनऊनंतर बरी असते, सूर्य मावळला की घाबरते, तेव्हा संध्याकाळी येऊ नका. तिला डाव्या कानाने थोडं ऐकू येतं, त्या बाजूला बसा. हळू बोला, ओरडू नका. आधी पिकपाण्याचं विचारा. तारीख विचारू नका, बाजार कधी आहे ते विचारा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. पारोळा, जि. जळगाव